मारियोंची चित्रं घरी आणताना: टाइल, प्रिंट, फ्रेम आणि गोव्याचा पाऊस

गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचं चित्र ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. ते मोठे डोळे, भरगच्च बाजार, बाल्कांवात (घराच्या दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसलेली माणसं आणि कोपऱ्यात हमखास एखादं कुत्रं दिसलं की गोव्यातलं शेंबडं पोरही नाव सांगतं. अडचण पुढे आहे. तेच चित्र फ्रिजवरच्या चुंबकावर असतं, चहाच्या मगावर असतं, छापील टाइलवर असतं आणि हातानं रंगवलेल्या बारा टाइलांच्या पॅनलवरही असतं. चित्र एकच, पण वस्तू चार आणि त्यांचं मोल, आयुष्य, निगा सगळंच वेगळं. नव्यानं जमवायला लागलेला माणूस चित्र बघून पैसे देतो आणि फसतो. ते चित्र त्या वस्तूवर कसं उतरलंय हे बघायला शिकलात की निम्मं काम झालं.

१. काय जमवायचं ते आधी ठरवा

बाजारात मिळणाऱ्या वस्तूंचे ढोबळ पाच प्रकार पडतात:

- मूळ रेखाटन: मारियोंनी स्वतः शाईनं किंवा रंगांनी केलेलं. दुर्मिळ आणि महाग. नवख्यानं पहिल्याच वर्षी या वाटेला जाऊ नये.
- हस्ताक्षरित किंवा क्रमांकित प्रिंट.
- साधी अधिकृत प्रिंट: कागदावर किंवा कॅनव्हासवर.
- टाइल: हातानं रंगवलेली, भट्टीत भाजलेल्या छपाईची किंवा नुसती गरम दाबानं छापलेली.
- मग, कोस्टर, ट्रे, मॅग्नेट वगैरे.

शेवटच्या प्रकाराला नाक मुरडायचं कारण नाही, पण त्याला संग्रह म्हणू नका. मग चहासाठी घ्या, धुवा, वापरा, फुटला तर दुसरा आणा.

सुरुवात एका चांगल्या टाइलनं किंवा एका प्रिंटनं करा. पर्यटकासारख्या एका दुपारी दहा वस्तू उचलल्या की घराचं दुकान होतं. एका खोलीत एक मोठं पॅनल किंवा दोन-तीन प्रिंट पुरतात. मारियोंच्या चित्रात मुळातच इतकी गर्दी असते की त्याला भोवती मोकळी भिंत लागते.

२. खरेदीआधी नजर तयार करा

दोन ठिकाणी वेळ काढून जा. पहिलं, पणजीतली मिनेझिस ब्रागांझा संस्था. तिच्या प्रवेश दालनात जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज कलाकाराची १९३५ सालची निळ्या-पांढऱ्या टाइलांची चित्रं आहेत. पोर्तो शहरातल्या साव बेंतो रेल्वे स्थानकातल्या प्रसिद्ध टाइला याच कोलासोंच्या. जवळ जाऊन निळा रंग बघा. एकाच फटकाऱ्यात तो सुरुवातीला गडद आणि शेवटाकडे फिका होत जातो. एका टाइलवरची रेघ सांधा ओलांडून शेजारच्या टाइलवर जाते. हातानं रंगवलेलं काम असं दिसतं, हे डोळ्यांत साठवून घ्या.

दुसरं, पर्वरीजवळ तोर्ड्याची मारियो गॅलरी. गोव्यातल्या घरांचं जहाजाच्या आकाराचं संग्रहालय तिथेच शेजारी आहे. अधिकृत प्रिंट कशी असते, कागद किती जाड असतो, काळा रंग किती काळा असतो हे हातात घेऊन कळतं. मारियोंच्या चित्रात आडव्या-उभ्या बारीक रेघांचं जाळं असतं. सावली ते रंगानं कमी आणि रेघांनी जास्त देतात. चांगल्या प्रतीत त्या जाळीतली प्रत्येक पांढरी फट मोकळी दिसते. वाईट प्रतीत फटी भरून येतात आणि बाल्कांवाच्या कठड्याचा नुसता काळा पट्टा होतो. गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे बघा. अंगठ्याच्या नखाएवढ्या चेहऱ्यात बुबुळ शाबूत असेल तर प्रत मूळ चित्रावरून निघालेली आहे. बुबुळाच्या जागी ठिपका पसरला असेल तर कुणीतरी छापील चित्राचा फोटो काढून पुन्हा छापलंय.

३. टाइल ओळखणे

खिशात १० पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग ठेवा. सोनाराकडे असतं तेच. दुकानदाराला विचारून टाइल उजेडात तिरकी धरा.

हातानं रंगवलेली टाइल. पारंपरिक आझुलेजो (पोर्तुगीज रंगीत टाइलांच्या) पद्धतीत मातीची टाइल एकदा भाजून तिच्यावर पांढऱ्या झिलईचा थर देतात. तो थर सुकून पिठासारखा झाला की त्यावर ब्रशनं रंगवतात आणि हजार अंशांच्या आसपास पुन्हा भाजतात. रंग झिलईत विरघळतो, म्हणून रेघेची कड किंचित मऊ असते. बोट फिरवलं तर रंग हाताला लागत नाही, पृष्ठभाग एकसंध गुळगुळीत लागतो. भिंगाखाली ठिपके दिसत नाहीत, ब्रशचे फटकारे दिसतात. तयार पांढऱ्या टाइलवर रंगवून कमी तापमानाला, साधारण ८०० अंशांना, भाजण्याची पद्धतही चालते. तिथे रंग झिलईच्या वर बसतो आणि बोटाला हलका उंचवटा जाणवतो. हीही हातचीच, फक्त घासणं-पुसणं जास्त जपून करावं लागतं.

भाजलेली छपाई. चित्र आधी खास कागदावर छापतात, पाण्यात सोडवून टाइलवर चिकटवतात आणि भाजतात. भिंगाखाली रंगीत भागात ठिपक्यांची जाळी दिसते. कधी कधी चित्राभोवती पारदर्शक पडद्याची कडही दिसते. टिकायला उत्तम. ‘छापील’ म्हणून विकली तर तक्रार नाही, ‘हँडपेंटेड’ म्हणून विकली तर आहे.

गरम दाबाची छपाई. टाइलवर प्लास्टिकसारखा लेप असतो आणि त्यात सुमारे २०० अंशांना रंग उतरवतात. दुकानाच्या दिव्यात ही सगळ्यात चकचकीत दिसते आणि इथेच बहुतेक जण फसतात. नखाला थोडी मऊ लागते, टकटक केली तर आवाज जरा दबका येतो. उन्हात दोन-तीन वर्षांत फिकी पडते आणि तारेच्या घासणीनं ओरखडे येतात. शंका असेल तर दुकानदाराच्या परवानगीनं नेलपॉलिश काढायच्या द्रावात कापसाची काडी बुडवून अगदी कडेला, रंग आहे तिथे, टेकवा. भाजलेल्या रंगाला काही होत नाही. लेप असेल तर तो चिकट होतो. दुकानदारानं परवानगी नाकारली तर त्यातही उत्तर मिळतं.

मागची बाजू पाहून निर्णय घेऊ नका. मागे कारखान्याचा साचा आणि चौकड्या असल्या तरी पुढचं काम हातचं असू शकतं. बरेच कलाकार तयार टाइल घेऊनच रंगवतात.

आणखी एक सापळा म्हणजे ‘मारियो स्टाइल’. चित्र मारियोंचं नसतं, कुणीतरी त्यांच्या धाटणीत काढलेलं असतं. सजावटीला घ्यायचं तर घ्या, पण मारियोंचं म्हणून विकत असतील तर पावतीवर मारियोंचं नाव लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला की समजून जा.

४. कागदावरचं काम आणि सही

मारियोंची सही चित्राचाच भाग असते. ती छापून आली म्हणून प्रत ‘हस्ताक्षरित’ होत नाही. हातानं केलेली सही वेगळी असते. ती बहुधा चित्राच्या खाली मोकळ्या समासात पेन्सिलीनं किंवा पेनानं केलेली असते, तिरक्या उजेडात चमकते किंवा कागदावर दाब सोडते. भिंगाखाली सहीतही ठिपके दिसले तर ती छापील. मारियो ११ डिसेंबर २०११ रोजी गोव्यातल्या लोटली गावी वारले. त्यानंतर काढलेल्या प्रिंटवर हातची सही असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

‘२५/१००’ असा आकडा म्हणजे शंभरांतली पंचविसावी प्रत. विचारायचा प्रश्न एकच: ही आवृत्ती कुणी काढली आणि त्याचं प्रमाणपत्र आहे का? नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही, पेन्सिल कुणाकडेही असते.

मूळ रेखाटन म्हणून काही समोर आलं तर त्यात कामाच्या खुणा शोधा. मारियोंनी अनेक वर्षं मुंबईत वृत्तपत्रं-साप्ताहिकांसाठी चित्रं काढली. छपाईसाठी काढलेल्या चित्रात सहसा शाईखाली पेन्सिलीच्या रेघा, चूक झाकणारा पांढरा रंग, कडेला मापाच्या सूचना, मागे शिक्के असे काही ना काही सापडतं. शाईचा काळेपणाही सगळीकडे सारखा नसतो. निबचा दाब वाढतो तिथे तो गडद होतो. अगदी स्वच्छ, एकसारखं काळं ‘मूळ चित्र’ दिसलं तर सावध व्हा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

५. कागदपत्रं

खरेदीच्या वेळी हे घ्या, मागाहून कुणी देत नाही:

- जीएसटी बिल. ‘शोपीस १ नग’ असं नको. चित्राचं नाव, तंत्र (हातानं रंगवलेली टाइल / भाजलेली छपाई / कागदावरची प्रिंट), माप, टाइलांची संख्या आणि असेल तर आवृत्तीचा क्रमांक बिलावर हवा.
- प्रमाणपत्र असेल तर त्याची मूळ प्रत.
- जुनी वस्तू असेल तर आधीच्या मालकाची पावती किंवा लेखी पत्र.
- तुम्ही काढलेले फोटो: पुढून, मागून, सही, तडे-टवके.

दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख कुणी घेत असेल तर तो कायदा मोडतोय. मोठी रक्कम बँकेतूनच द्या. बँकेची नोंद हाही पुरावाच.

स्वामित्वहक्काची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे मारियोंच्या चित्रांवर २०७१ अखेरपर्यंत. टाइल विकत घेतली म्हणजे चित्र छापायचा हक्क मिळाला असं नाही. घराच्या पाटीसाठी मारियोंचं चित्र नेटवरून उतरवून एखाद्या छपाईवाल्याला देणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे आणि तो बेकायदा आहे. शिवाय नेटवरचं चित्र १५ सेंटिमीटरच्या चौकोनात कोंबल्यावर कडेची माणसं अर्धी कापली जातात ती वेगळीच.

६. भिंत निवडणे

गोव्यातल्या जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या असतात. चिरा पाणी पितो. पायातून ओल वर चढते आणि सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार तिथेच स्फटिक होऊन फुगतात आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. याच जागी टाइल चिकटवली तर क्षार तिच्या मागे साचून झिलईचे टवके उडवतात. म्हणून जमिनीपासून पहिला एक मीटर वर्ज्य. पश्चिम आणि नैऋत्य बाजूची बाहेरची भिंत पावसाचा मारा खाते, तीही टाळा. घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यात चांगली.

देवघराजवळ समई-धुपाची काजळी बसते. तिथे टाइल चालते, पुसता येते. कागद चालत नाही. तुळशीवृंदावनाला किंवा बाल्कांवाला लावायची तर फक्त भाजलेली टाइल, गरम दाबाची नको.

आता वेळ. गणेशचवथीच्या आधी घर रंगवलं की लोक त्याच आठवड्यात फ्रेमा टांगतात. तेव्हा भिंत आतून भिजलेली असते. टाइल किंवा फ्रेम लावायचा खरा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल.

७. बारा टाइलांचं पॅनल लावणे

गवंडी म्हणेल, ‘सिमेंटनं थेट भिंतीवर बसवतो, तासाभराचं काम.’ नाही म्हणा. सिमेंटनं बसवलेली टाइल घर बदलताना अखंड निघत नाही. पॅनल प्लायच्या पाटावर बांधून टांगा.

लागणारं सामान:

- १२ मिलिमीटर मरीन प्लाय (आयएस ७१० छाप पाहून), ४७ × ६२ सेंटिमीटर
- न्यूट्रल सिलिकॉनची एक नळी आणि गन
- २ मिलिमीटरचे स्पेसर (टाइलांमध्ये सारखं अंतर ठेवायला)
- मागे लावायला १८ मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या
- बारीक सांध्याचं, वाळू नसलेलं ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण) आणि रबरी थापी
- १० मिलिमीटरचे लांब प्लग, स्क्रू, लेव्हल
- पेन्सिल आणि मास्किंग टेप

हा हिशोब १५ × १५ सेंटिमीटरच्या, तीन आडव्या आणि चार उभ्या टाइलांचा आहे. सांध्यांसकट माप ४५.४ × ६०.६ सेंटिमीटर होतं, उरलेली कड फ्रेमच्या लाकडी पट्टीखाली जाते. फ्रेमसकट वजन ६ ते ७ किलो.

पायरी १: टाइला जमिनीवर चादरीवर मांडा, फोटो काढा, प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीनं ओळ-रांग (१-१, १-२...) आणि वरची दिशा दाखवणारा बाण काढा. बाण विसरू नका. आकाशाची किंवा पाण्याची टाइल उलटी बसणं ही नेहमीची चूक आहे आणि ती सिलिकॉन सुकल्यावरच लक्षात येते.

पायरी २: प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना पॉलिश किंवा ऑइलपेंट द्या. कड उघडी राहिली तर तिथूनच पाणी शिरतं. पूर्ण सुकू द्या.

पायरी ३: खालच्या रांगेपासून सुरुवात करा. प्रत्येक टाइलमागे सिलिकॉनचे पाच ठिपके द्या, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. सगळीकडे फासू नका, नाहीतर कधी काढायची वेळ आली तर निघणार नाही. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. त्यातलं आम्ल खिळे-हुकांना गंजवतं. २४ तास सपाट ठेवा.

पायरी ४: ग्राउट भरा आणि १५-२० मिनिटांत ओल्या स्पंजनं पुसा. उरलेला पांढुरका थर दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडानं निघतो. इथे गवंडी हटकून ॲसिडची बाटली काढतो. ती हातातून घ्या. न्हाणीघराच्या लादीला चालणारं ॲसिड झिलईवर बसवलेला रंग खातं आणि गेलेला रंग परत येत नाही.

पायरी ५: मागे दोन्ही उभ्या कडांना लाकडी पट्ट्या मारा. पॅनल आणि भिंत यांत बोटभर हवा खेळली पाहिजे.

पायरी ६: चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, हॅमरनं भोक वाटीएवढं होतं आणि प्लग गरगर फिरतो. सांध्यात भोक पाडू नका. जुन्या घरात सांधा चुन्याचा किंवा मातीचा असतो, त्यात काही धरत नाही. गिलाव्यावरून सांधा कळत नसेल तर आधी बारीक बिट घालून बघा. विटकरी-लाल पूड आली तर चिरा, पांढरी किंवा करडी येत राहिली तर जागा बदला. दोन टेकू द्या, एका खिळ्यावर भिस्त नको.

८. प्रिंटची फ्रेम

फ्रेमवाल्याकडे जाताना या अटी कागदावर लिहून न्या, तोंडी सांगितलेलं कारागिरापर्यंत पोचत नाही.

- माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लरहित. साध्या पुठ्ठ्यानं काही वर्षांत कडेला पिवळी रेघ उमटते.
- चित्राला सेलोटेप किंवा फेव्हिकॉल नको. वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीनं चिकटवून चित्र लोंबतं ठेवायचं. दमट हवेत कागद फुगतो, त्याला हलायला जागा हवी. चारही बाजूंनी चिकटवलात तर लाटा येतात.
- काच चित्राला टेकता कामा नये. पावसात काचेच्या आतून घाम येतो आणि टेकलेली शाई काचेला चिकटते.
- मागे हार्डबोर्ड उघडा नको, आत आम्लरहित थर आणि कडा टेपनं बंद. कसर आणि वाळवी दोघींची वाट हीच.
- खालच्या दोन कोपऱ्यांत मागे रबराच्या गोळ्या, भिंतीपासून अंतरासाठी.

स्पॉटलाइट नको. कागदाला ५० लक्स उजेड पुरतो, म्हणजे संध्याकाळच्या मंद दिव्याइतका.

९. पावसाळा

हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र भिंतीवर लावा. काटा ६५ टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशीचा मोसम सुरू. गोव्यात जून ते सप्टेंबर तो वरच असतो, म्हणून पंखा चालू ठेवा आणि उघडीप मिळाली की खिडक्या उघडा. महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. कापूस उगवल्यासारखं दिसलं तर ओल्या फडक्यानं पुसू नका, बुरशी पसरते. फ्रेम कोरड्या खोलीत न्या, उघडा, मऊ कोरड्या ब्रशनं घराबाहेर झाडा.

टाइलला साधं पाणी आणि सुती फडकं पुरतं.

१०. विकताना किंवा बाहेरगावी नेताना

मूळ रेखाटन १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना त्या किमतीत वाटा मागण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. हा वाटा जास्तीत जास्त १० टक्के असतो. प्रिंटला आणि टाइलांना हे लागू नाही. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. मारियोंच्या कामाला अजून ते वय नाही, पण जुन्या घरातून निघालेली पोर्तुगीज काळातली टाइल असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

सुट्या टाइला पाठवताना दोन-दोन समोरासमोर धरा, मध्ये फोमचा तुकडा, बाहेरून टेप. खोक्यात त्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. आडव्या रचल्या की वरच्यांचं वजन तळच्या टाइलवर येतं आणि रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात ती जाते. एका खोक्यात १२ किलोच्या वर भरू नका, जड खोकं उचलणारा ते ठेवत नाही, टाकतो. वर ‘काच’ लिहा. ‘टाइल्स’ लिहिलंत तर ट्रकवाला ते लाद्यांच्या खोक्यांवर रचेल.